चौथा पॅच येण्याआधी पुरावा जपा

प्रश्न : मुलाने माझ्या कार्डावरून ३,९९९ रुपयांना एका कॉम्प्युटर गेमची प्री-ऑर्डर केली. स्टोअरने दिलेल्या किमान क्षमतेपेक्षा आमचा कॉम्प्युटर वरचढ आहे, तरी तिसऱ्या टप्प्यावर गेम बंद पडतो आणि सेव्ह केलेला खेळ उडतो. दीड महिन्यात तीन पॅच, म्हणजे कंपनीने इंटरनेटवरून धाडलेल्या दुरुस्त्या, आल्या, फरक शून्य. स्टोअर म्हणते, खेळायला सुरुवात केली की पैसे परत नाहीत. गेमसाठी कोर्टात गेलो तर लोक हसतील का? – एक वाचक, सांगली

उत्तर : हसू द्या. पैसे मिक्सरसाठी मोजले की गेमसाठी, कायद्याला सारखेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ऑनलाइन खरेदी येते आणि पैसे भरणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच असतो. म्हणजे तुम्ही आणि चिरंजीव, दोघेही.

मात्र ‘गेममध्ये बग (प्रोग्रॅममधला दोष) आहे’ एवढ्यावर केस उभी राहत नाही. समोरचा वकील म्हणेल, बग नसलेले सॉफ्टवेअर दाखवा. त्यात तथ्य आहे; प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डांच्या प्रत्येक जोडीवर चाचणी कोणीच करू शकत नाही. पण रिलीजची तारीख बऱ्याचदा जाहिराती, सुट्ट्यांतली विक्री आणि भागधारक ठरवतात, आणि दुरुस्ती नंतर इंटरनेटवरून धाडता येते म्हटल्यावर कच्चा माल विकायचा मोह होतो. ‘सायबरपंक २०७७’ हा गेम १० डिसेंबर २०२० ला आला आणि जुन्या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रावर) इतका कोलमडला की आठवडाभरात सोनीने तो प्लेस्टेशन स्टोअरमधून काढून पैसे परत देऊ केले. लोक जास्त चिडले ते लपवाछपवीवर : समीक्षकांना आधी फक्त कॉम्प्युटरची आवृत्ती दिली होती.

तुमचीही केस तिथेच बसते. किमान क्षमता त्यांनी लिहिली, ती तुमच्याकडे आहे, आणि गेम चालत नाही. २०२० चे ई-कॉमर्स नियम डिजिटल उत्पादनांना लागू आहेत, भारतात पद्धतशीर विक्री करणाऱ्या परदेशी कंपनीलाही. माल सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला परतावा नाकारता येत नाही. ‘मान्य आहे’वर टिचकी मारलीत, त्यात लवादाचे (वाद कोर्टाऐवजी खासगी पंचाकडे नेण्याचे) कलम असेलच, तरी ग्राहक आयोगाचे दार उघडे राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात कायम ठेवले. ऑस्ट्रेलियात परताव्याच्या हक्काबाबत ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल ‘स्टीम’ हे गेम स्टोअर चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीला २०१६ मध्ये ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला होता. आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नाही, पण तक्रारीत उल्लेख करायला हरकत नाही.

मला खरी धास्ती चौथ्या पॅचची वाटते. तो गेम सुधारेल आणि तुमचा पुरावा पुसेल! आजच व्हिडिओ काढा : तारीख, गेमची आवृत्ती, कॉम्प्युटरची माहिती आणि गेम बंद पडण्याचा क्षण. स्टोअरच्या पानाचा स्क्रीनशॉटही घ्या, तिथला मजकूर बदलतो.

मग स्टोअरच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. ४८ तासांत पोच आणि महिन्यात निवारण, हे त्याच्यावर बंधन आहे. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, आणि शेवटी जिल्हा आयोग. तुम्ही सांगलीत राहता म्हणून तक्रार सांगलीतच करता येते. एवढ्या रकमेला फी नाही, मुदत दोन वर्षे. ‘करारच अन्यायकारक’ असा मुद्दा मात्र घालू नका. ते प्रकरण राज्य आयोगाकडे जाते आणि ३,९९९ रुपयांसाठी सांगलीबाहेरच्या खेपा सुरू होऊ शकतात.

बँकेकडून चार्जबॅक घेण्याची, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे बँकेमार्फत परत खेचण्याची, घाई नको. काही स्टोअर त्यावर अख्खे खातेच गोठवतात. त्या खात्यात आणखी किती गेम आहेत, ते आधी मुलाला विचारा.