गणपतीत अन्न आणि वीज वाया जाते, पोस्टर लावून फरक पडेल का?

घोडबंदर रोडवरच्या सोसायटीसाठी विचारलंय, तर सरळ सांगतो: ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ छापून लिफ्टशेजारी लावलंत तर कुणी वाचणार नाही. तिथे आधीच पार्किंगच्या नोटिसांची गर्दी असते.

डिझाइन हवं ते हात थांबतो तिथे. खरकटी ताटं ठेवतात त्या टेबलाशी काळ्या पिशवीऐवजी पारदर्शक ड्रम ठेवा आणि त्यावर जाड मार्करने कालची रेघ मारा. ‘कालच्यापेक्षा कमी’ एवढंच लिहा. ड्रममधला मसालेभात आणि अर्धवट जिलब्या दिसल्या की पुढचं बोलावं लागत नाही. वाढायचा डाव मात्र लहान घ्या, याचा उपयोग कुठल्याही पोस्टरपेक्षा जास्त. आग्रह करणाऱ्या काकूंना आवरणारं डिझाइन अजून निघालेलं नाही!

विजेचं सोपं आहे. ५०० वॅटचा हॅलोजन सहा तास चालला की ३ युनिट जातात. ५० वॅटच्या एलईडीला ०.३ पुरतं. मंडपाला सबमीटर, म्हणजे फक्त मंडपाची वीज मोजणारा वेगळा मीटर, बसवा आणि कालचे युनिट आरतीच्या वेळापत्रकाखाली खडूने लिहा, तो फळा सगळे बघतातच. फ्लेक्स मात्र छापू नका, तोही कचराच.