जुन्या पिकअपच्या हेडलाइट चालता चालता जातात, नवा स्विच टाकूनही दोन महिन्यांत तेच. असं का?

पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हेडलाइट एकदम जातात, टेललाइट चालूच राहतात आणि थोड्या वेळाने हेडलाइट आपोआप परत लागतात, असं तुम्ही म्हणताय. मग बल्बच्या मागे लागू नका. बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये स्विचच्या आतच फक्त हेडलाइटसाठी सर्किट ब्रेकर असतो. तापला की तो सुटतो, गार झाला की जुळतो. एकच बाजू गेली असती तर मी आधी तिथला होल्डर आणि अर्थिंग पाहिलं असतं. फक्त डिपर (जवळचा उजेड) किंवा फक्त अप्पर (लांबचा) गेला असता तर डिपरचा स्विच.

आता ब्रेकर का तापतो? या गाड्यांना हेडलाइटचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा वेगळा स्विच) नसतो, सगळा करंट स्विचमधूनच जातो. 60 वॅटचे दोन बल्ब 12 व्होल्टला 10 अँपिअर घेतात. कोणी 100 वॅटचे टाकले असतील तर जवळजवळ 17. त्यात कपलरची (वायरी स्विचला जोडणाऱ्या प्लगची) पिन सैल झाली की तिथे अर्धा व्होल्ट अडला तरी 5 वॅट उष्णता काडेपेटीएवढ्या जागेत कोंडते. तुमचा नवा स्विच बहुधा त्याच जुन्या, भाजलेल्या कपलरमध्ये खोचला गेलाय. दोष कपलरचा, जळतो स्विच.

हेडलाइट लावून मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं बल्बच्या पॉझिटिव्ह पिनेला: अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक, एकाच्या वर गेलं तर वाटेत कुठेतरी करंट अडतोय. मग स्विचच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या वायरमध्ये मोजा, म्हणजे जागा सापडेल. अर्थिंगची बाजूही बॅटरीच्या निगेटिव्हपासून मोजा, ती लोक हमखास विसरतात.

मग बॅटरीची निगेटिव्ह सोडून कपलर काढा. प्लास्टिक तपकिरी किंवा वितळलेलं, पिन काळी पडलेली असेल तर ती घासून वापरू नका. भाजलेल्या पिनेची स्प्रिंग गेलेली असते. वायर मागे सोलत जा. तांबं आतून काळं किंवा हिरवं दिसतंय तोवर कापा, चकचकीत लागलं की तिथे नवी पिन दाबून बसवा.

कायमचा इलाज म्हणजे दोन रिले, एक अप्परला, एक डिपरला. रिलेच्या पिनांवर आकडे छापलेले असतात: जुनी बल्बकडे जाणारी वायर 86 ला, 85 अर्थिंगला, 87 बल्बला, 30 बॅटरीला. वायर 2.5 चौरस मिलिमीटरची, प्रत्येक रिलेला वेगळा 15 अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच. वेगळा अशासाठी, की एक उडाला तरी रात्री दुसरा उजेड हाताशी राहतो. हे आकडे 55/60 वॅटच्या बल्बचे. आता स्विचवर राहतो फक्त रिलेच्या कॉइलचा भार, पाव अँपिअरहूनही कमी.

एक मेख आहे. काही जपानी बनावटीच्या जुन्या पिकअपमध्ये स्विच अर्थिंगच्या बाजूला असतो आणि बल्बच्या सामाईक पिनेवर पॉझिटिव्ह येतो. तिथे वरची जोडणी जशीच्या तशी चालणार नाही, म्हणून वायर कापायच्या आधी टेस्ट लॅम्प लावून बघा.

आणि ब्रेकर सुटतो म्हणून त्याला बायपास करू नका. तो सुटला नाही तर डॅशबोर्डमागची वायर पेटू शकते.