वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीच्या रेक्झिनचा रंग बदलताना

प्रश्न : माझ्याकडे १९८६ची प्रीमियर पद्मिनी आहे. बॉडीला नुकताच गडद चॉकलेटी रंग दिला. दारांचे पॅड, डॅशबोर्डवरचे आवरण आणि पायाजवळच्या बाजूच्या पट्ट्या मात्र फिक्या निळ्या आहेत. रेक्झिन कुठेही फाटलेले नाही. नवे लावण्याऐवजी रंगवले तर चालेल का? रंग किती लागेल?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : चालेल. रेक्झिन धड असेल तर रंगवावेच. दारांच्या पॅडवर कोणी बसत नाही, ते दुमडतही नाहीत, त्यामुळे त्यांच्यावरचा रंग वर्षानुवर्षे टिकतो. शिवाय तुम्हाला फिक्यावर गडद चढवायचा आहे, म्हणजे निम्मे काम सोपे.

आधी रंगाची निवड. बाजारात ‘व्हिनाइल डाय’ म्हणून मिळतो तो रंग कापडासारखा आत मुरत नाही. तो एक पातळ, लवचीक थर असतो. त्यातले द्रावक रेक्झिनवरच्या पीव्हीसी प्लास्टिकचा वरचा भाग किंचित मऊ करतात आणि थर तिथे धरून बसतो. मध्ये तेल किंवा पॉलिश असेल तर धरायला काहीच उरत नाही. घरच्या दारांना लावतात तो ऑइलपेंट इथे अजिबात नको. रेक्झिन मऊ राहावे म्हणून त्यात घातलेले प्लास्टिसायझर हळूहळू वर येते, ऑइलपेंटला मऊ करते आणि पॅड महिनोन्‌महिने हाताला चिकटत राहतो. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाचे उलटे होते. तो कडक होतो आणि गुडघा लागला की तडकतो. व्हिनाइलचा रंग हव्या त्या छटेत मिळाला नाही, तर नाना पेठेत गाड्यांचे रंग मिसळून देणाऱ्याकडून टू-के पीयू (हार्डनर मिसळून वापरायचा पॉलियुरेथेन) रंग लवचीकपणाचे अ‍ॅडिटिव्ह आणि मॅट बेस घालून करून घ्या. अ‍ॅडिटिव्ह विसरू नका.

पॅड गाडीतच ठेवून रंगवायचा मोह टाळा. काच वर-खाली करण्याच्या हँडलमागची चकती दाबली की पिन दिसते. ती बारीक पंचाने बाहेर ढकलायची. (काही गाड्यांत पिनेऐवजी नालेच्या आकाराची क्लिप असते.) मग पॅडच्या कडेला रुंद, बोथट पट्टी घालून क्लिपच्या अगदी जवळ उचलायचे. दोन क्लिपांच्या मधोमध जोर दिला तर जुना हार्डबोर्ड क्लिपभोवती फाटतो, आणि ते भोक पुन्हा नीट धरत नाही. पॅड निघालेच आहेत तर पॅडमागचा, दारावर चिकटवलेला प्लास्टिकचा कागद बघा. काचेच्या रबरातून पावसाचे पाणी दारात उतरतेच. कागद फाटका असेल तर ते हार्डबोर्डपर्यंत पोचते आणि पॅड फुगतो. दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोके तारेने मोकळी करून मगच नवा कागद चिकटवा.

आता धुणे. तीन तास लागणार असतील तर दोन यातच जाऊ द्या. कोमट पाण्यात भांड्यांचे लिक्विड, मऊ नायलॉनचा ब्रश, गोल गोल घासणे. ब्रश ओला असावा, पॅड भिजता कामा नये. नळाखाली तर मुळीच धरू नका, मागचा हार्डबोर्ड पाणी पितो. पोताच्या रेषांमध्ये वर्षांची काजळी असते, ती पहिल्या फेरीत निघत नाही. फेस पांढरा राहीपर्यंत फेऱ्या करा. वाळल्यावर करड्या रंगाच्या स्कॉच-ब्राइटने हलका हात फिरवा, फक्त चकाकी मरेपर्यंत. पॉलिश पेपर वापरला तर पोत जातो. त्यानंतर गाड्यांच्या रंगकामात वापरतात ते वॅक्स-ग्रीस रिमूव्हर एका पांढऱ्या सुती फडक्याने लावा आणि वाळण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसा. एकाच फडक्याने पुसत राहिलात तर घाण नुसती इकडून तिकडे जाते. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. पेट्रोल आणि रॉकेल दोन्ही तेलकट थर मागे ठेवतात. एनसी थिनर तर रेक्झिनचा पोतच विरघळवतो.

चकचकीत पट्ट्यांवर मास्किंग टेप लावा. फवारा २० ते २५ सेंमी अंतरावरून. पहिला हात इतका विरळ द्या की निळा रंग बराचसा दिसत राहिला पाहिजे. तो बघून अनेकांचा धीर सुटतो आणि ते तिथेच जाड मारतात. जाड थरात द्रावक अडकतो, पोत बुजतो, उभ्या पॅडवर ओघळ येतात. दर १० ते १५ मिनिटांनी एक याप्रमाणे चार ते पाच पातळ हात द्या, एक आडवा तर पुढचा उभा. पहिल्या हातावर बारीक गोल खळगे दिसले तर तिथे जुन्या पॉलिशमधले सिलिकॉन उरले आहे. वरून रंग मारून खळगे भरत नाहीत. थांबा, वाळू द्या, तेवढा भाग रिमूव्हरने पुन्हा पुसा. शेवटच्या हातानंतर १५-२० मिनिटांनी, रंग पूर्ण कडक व्हायच्या आत टेप काढा, नाहीतर कडेला थर टेपबरोबर उचलला जातो.

प्रमाण : टेप घेऊन मोजा. ८० सेंमी बाय ५५ सेंमीचा पॅड म्हणजे ०.४४ चौरस मीटर, असे चार म्हणजे सुमारे पावणेदोन. डॅश आणि बाजूच्या पट्ट्या धरून अडीच-तीन चौरस मीटर होतील. ४०० मिलीचा एक कॅन पूर्ण झाकणीसाठी साधारण एक ते सव्वा चौरस मीटरला पुरतो. म्हणजे तीन कॅन, एक जादा धरून चार. चारही एकाच वेळी, एकाच बॅचचे घ्या. उरलेला पुढे ओरखड्यांना उपयोगी पडतो. गनने करणार असाल तर १.२ किंवा १.३ मिमीचे नोझल आणि तयार पातळ केलेला एक लिटर रंग पुरे.

डॅशसाठी मॅटच घ्या. चकाकी असली की दुपारी समोरच्या काचेत डॅशचेच प्रतिबिंब दिसते. स्टिअरिंग चाक या कामातून वगळा, हाताचा घाम आणि घर्षण यांपुढे हा थर टिकत नाही.

आणि मास्क. द्रावकाच्या वाफांपुढे कापडी मास्क म्हणजे नुसता दिखावा. कोळशाच्या कार्ट्रिजचाच हवा. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, तो घरी मारूच नका, बूथ असलेल्या रंगारीकडे द्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणताच फवारा नको. उडालेली रंगाची धूळ शेजारच्या गाडीवर बसली की पुढचा वाद सभेपर्यंत जातो.

प्रश्न : अ‍ॅम्बेसेडरच्या पुढच्या सीटचे रेक्झिन रंगवून घेतले. दोन महिन्यांत बसायच्या जागी पोपडे निघाले, मागच्या सीटला काहीच झाले नाही. रंग खराब होता का?
– एक वाचक, सातारा रोड

उत्तर : मागची सीट ठीक आहे, म्हणजे रंगाला दोष देता येत नाही. पुढच्या सीटवर वर्षानुवर्षे घाम, केसांचे तेल आणि बहुधा डॅशबोर्ड चमकवायचे सिलिकॉनचे पॉलिशही लागले असणार. साध्या धुण्याने सिलिकॉन निघत नाही. त्यात माणूस बसता-उठताना रेक्झिन ताणले जाते, आणि खाली पकड नसलेला थर पहिल्यांदा तिथेच सुटतो.

उरलेल्या पोपड्यांवर पुन्हा रंग मारू नका, कडा खालून उचलत राहतील. रुंद टेप घट्ट दाबून झटक्यात ओढा, सुटणारे सगळे सुटू द्या. जे टेपने निघत नाही ते धरून बसले आहे, त्याच्या कडा स्कॉच-ब्राइटने उतरवा. मग वर सांगितल्याप्रमाणे धुणे आणि रिमूव्हर, पण रिमूव्हरच्या दोन फेऱ्या. सीटसाठी फवाऱ्याच्या कॅनपेक्षा क्रॉसलिंकर (थर घट्ट बांधणारे रसायन) घालायचा पाण्यातला लवचीक रंग अधिक टिकतो. तो पातळ हातांनी द्या आणि आठवडाभर सीटवर बसू नका. हाताला कोरडा लागला म्हणजे तो पक्का झाला असे नसते.

सीटच्या मागे, न दिसणाऱ्या जागी आधी चाचणी घ्या : रंग द्या, २४ तासांनी ब्लेडने बारीक चौकटी कापा, टेप दाबून ओढा. चौकटी टेपला आल्या तर सफाई अपुरी आहे.

शिवणीजवळ रेक्झिन चिरले असेल तर मात्र या खटपटीत पडू नका. कुशनवाल्याकडून तेवढा भाग नव्या रेक्झिनचा करून घ्या. चिरेत एनसी पुटी भरणारे भेटतात. पहिल्याच खड्ड्यात ती सुटते.

प्रश्न : गणपतीच्या आधी गाडी तयार हवी आहे. काळे पॅड क्रीम करायचे आहेत. ऑगस्टमध्ये जमेल का?
– एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : दोन्ही गोष्टी अवघड निवडल्यात. पावसाळी हवेत द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दमट हवेतले पाणी धरते आणि रंगावर दुधी झाक येते. पुण्यात या कामाला दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, सकाळी अकराच्या पुढे. थंडीत कॅन कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवा, गरम पाण्यात नाही. एप्रिल-मेच्या दुपारी उलटा त्रास होतो. रंग हवेतच वाळतो आणि पॅड खरखरीत लागतो.

काळ्यावर क्रीम नीट झाकायला आधी फिका करडा थर आणि मग सहा-सात हात लागतात. एवढ्या जाडीत पोत बुजतोच, आणि एक ओरखडा आला की खालचा काळा डोकावतो. क्रीमच हवे असेल तर नवे रेक्झिन लावणे शहाणपणाचे. गणपतीपर्यंत फक्त स्वच्छता करून घ्या.

प्रश्न : माझी १९६९ची स्टँडर्ड हेरल्ड आहे. आतला रंग बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते का? व्हिंटेज नोंदणीला अडचण येईल का?
– एक वाचक, औंध

उत्तर : आरसीवरचा रंग बॉडीचा असतो, त्यामुळे आतल्या रंगासाठी नोंद लागत नाही. व्हिंटेज नोंदणीचे नियम २०२१मध्ये आले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी त्यांत बसते. चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले नसावेत, ही अट आहे. रेक्झिनचा उल्लेख त्यात नाही, तरी ‘मूळ रूप’ हे शब्द आहेत. म्हणून रंग बदलण्याआधी आतले फोटो काढून ठेवा, आणि सीटखालच्या न उडालेल्या मूळ रंगाचा हातभर भाग तसाच सोडा. पुढे कधी मूळ छटा परत आणायची झाली तर तोच नमुना उपयोगी पडेल.

एक मात्र लक्षात घ्या : ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळाला की गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल आणि इंधन भरणे अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. तुम्ही हेरल्ड रोज चालवत असाल तर साधी नोंदणी चालू ठेवणेच सोयीचे.