पोटशूळ: नव्या घोडेमालकाने आधी हे शिकावं

घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो, की गिळलेलं परत वर येत नाही. त्यामुळे पोटशूळ, म्हणजे पोटातल्या कळा, टाळायचा तर चंदीचं (दाण्याच्या खुराकाचं) कौतुक नंतर, आधी चारा सांभाळा.

४०० किलोच्या घोड्याला दिवसाला ६ ते ८ किलो सुका चारा लागतो, तोही विभागून. जठरात आम्ल सतत पाझरतं. पोट तासन्‌तास रिकामं राहिलं की व्रण होतात. चंदी एका वेळी दीड किलोच्या वर नको आणि बदलायची तर ७ ते १० दिवसांत हळूहळू. पुण्याच्या आसपास कडवळ सहज मिळतं, पण ती हिरवी ज्वारीच. गाईम्हशींना चालतं म्हणून घोड्याला घालू नका. मूत्राशय बिघडतं, मागचे पाय लुळे पडू शकतात.

पुढच्या पायाने माती उकरणं, वळून कुशीकडे बघणं, सारखं ऊठबस करणं, लीद बंद होणं, ही पोटशूळाची लक्षणं; यातलं काहीही दिसलं की पशुवैद्यांना फोन करा. ते येईपर्यंत चारा काढून घ्या. कुशीला कान लावा: निरोगी पोट दोन्ही बाजूंनी गुरगुरतं, शांतता वाईट. जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूने दोन बोटं ठेवून नाडी मोजा. आरामात उभ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते. साठीच्या पुढे गेली तर तसं फोनवर स्पष्ट सांगा.

आणि कुणी कितीही सांगो, बाटलीने तोंडात तेल ओतू नका. ते श्वासनलिकेत उतरलं तर न्यूमोनिया होतो.