जॅकेट घ्यावे की विंग?

प्रश्न : मी पुण्यात राहतो. तारकर्लीला पहिल्यांदा समुद्राखाली गेलो, पुढे रीतसर ओपन वॉटर प्रमाणपत्र घेतले आणि आता दर हिवाळ्यात अंदमानला स्कूबासाठी जातो. भाड्याने मिळणारे बीसीडी (सिलिंडर पाठीवर धरणारा आणि हवा भरून-सोडून पाण्यातले तरंगणे सांभाळणारा साज) कधी सैल, तर कधी गळके निघत असल्यामुळे स्वतःचा घेण्याचे ठरवले आहे. प्रशिक्षक जॅकेट, म्हणजे बंडीसारखा अंगात घालायचा बीसीडी घ्यायला सांगतात, मित्र स्टीलची बॅकप्लेट (पाठीवरची धातूची पाटी) आणि विंग (तिला जोडलेली हवेची पिशवी) यांचा आग्रह धरतात आणि दुकानदाराच्या मते ज्याची उचल, म्हणजे पाण्यात वर उचलून धरण्याची क्षमता, जास्त तो अधिक सुरक्षित. निर्णय कशाच्या आधारे करावा?

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे आधी बाजूला ठेवावे, कारण तिघांच्या सल्ल्यांत तेवढेच सरळ चुकीचे आहे. बीसीडीतील हवेला पाण्याखाली दोनच गोष्टींची भरपाई करायची असते. पहिली गोष्ट म्हणजे सिलिंडरमधील हवेचे वजन. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये सुमारे अडीच किलो हवा मावते, आणि ती संपत जाते तसा सुरुवातीला बुडणारा सिलिंडर शेवटी तरंगू लागतो. त्यामुळे बुडण्यासाठी कमरेच्या पट्ट्यात शिशाची वजने (शिसे) घेताना शेवटच्या, हलक्या अवस्थेचा हिशेब धरावा लागतो आणि सुरुवातीला तेवढे वजन अंगावर जादाच असते. दुसरी गोष्ट म्हणजे वेटसूट, म्हणजे निओप्रीन या बुडबुडेदार रबराचा अंगाला ऊब देणारा पोशाख. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, निओप्रीनमधले बुडबुडे जवळजवळ निम्मे होतात आणि पृष्ठभागावर सूट जे प्लावक बल देत होता, त्यातला मोठा भाग खाली नाहीसा होतो. अंदमानच्या कोमट पाण्यात तीन मिलिमीटरचा सूट पुरतो आणि त्याचे बल साधारण दोन-तीन किलोच असते. म्हणजे दोन्ही मिळून भरपाई जेमतेम पाच किलोची. वर आल्यावर डोके पाण्याबाहेर ठेवण्यासाठी आणखी काही किलो धरले, तरी बारा ते चौदा किलो उचल असलेली पिशवी आपल्याला पुरून उरते. त्याहून मोठी पिशवी अर्धवट भरलेली राहते, त्यामुळे आतली हवा या कुशीवरून त्या कुशीवर सरकते आणि ती वेळेवर सोडणे अवघड जाते. इन्फ्लेटरचे (पिशवीत हवा भरणाऱ्या नळीचे) बटण अडकलेच, तर अशी पिशवी माणसाला अधिक जोराने वर खेचते, हा धोका दुकानात कोणी सांगत नाही.

एवढा हिशेब झाला की जॅकेट आणि विंग यांतला खरा फरक हवा आणि वजन शरीरावर कुठे बसते एवढाच उरतो. जॅकेटमध्ये हवा पाठीबरोबर बरगड्यांच्या बाजूंनाही भरते, म्हणून पृष्ठभागावर माणूस उभा आणि निवांत राहतो. लाटांत बोटीची वाट पाहताना याचे मोल कळते, आणि नवशिक्यांना शिकवणारे प्रशिक्षक त्याची शिफारस का करतात हेही कळते. पाण्याखाली मात्र तीच हवा पोट आवळते. शिवाय शिसे कमरेला असल्यामुळे पाय खाली जातात, मग फिनच्या फटकाऱ्यांनी तळाची वाळू उडते आणि प्रवाळालाही लाथ बसते. विंगमध्ये सगळी हवा पाठीवर सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना असते आणि अडीच-तीन किलोची स्टीलची प्लेट बरोबर फुप्फुसांच्या वर येते. फुप्फुसे छातीला वर उचलतात, प्लेट तिला खाली धरते, आणि शरीर फारसे प्रयत्न न करता आडवे राहते. विंगबद्दल नेहमी ऐकू येणारी तक्रार अशी की ती पृष्ठभागावर तोंडघशी पाडते. पिशवी गच्च फुगवली तर हे खरे आहे. डोके बाहेर राहील इतकीच हवा भरून किंचित मागे रेलले की तक्रार बहुतेक मिटते.

आपण दरवर्षी जाता आणि पुढेही जाणार आहात, म्हणून माझा कौल एका सिलिंडरसाठीच्या लहान विंगला आहे. मात्र प्लेट स्टीलची की अ‍ॅल्युमिनियमची, हे आपल्याला किती शिसे लागते ते पाहूनच ठरवावे. पुढच्या सफरीत सिलिंडरमध्ये सुमारे पन्नास बार (बार हे दाबाचे एकक) हवा उरली असताना, बीसीडी पूर्ण रिकामा करून, पाच मीटरवर शांत श्वास घेत स्थिर राहता येते का ते पाहावे, आणि येत असेल तर एकेक किलो कमी करत जावे. बरेच जण गरजेपेक्षा दोन-तीन किलो जास्त घेऊन उतरतात आणि मग त्याचा दोष बीसीडीला देतात. चार किलोवर भागत असेल, तर स्टीलच्या प्लेटमुळे पट्ट्यात एखादाच किलो उरेल. पण एकही किलो उरत नसेल, तर संकटात टाकून देता येईल असे वजनच जवळ राहत नाही. तेव्हा अ‍ॅल्युमिनियमची प्लेट बरी. विमानाच्या सामानमर्यादेतही ती सोयीची ठरते, कारण पोर्ट ब्लेअरच्या विमानांत बहुधा पंधरा किलोच सामान नेता येते.

मित्रांपैकी कोणी साइडमाउंट, म्हणजे सिलिंडर पाठीऐवजी शरीराच्या बाजूंना लावण्याचा प्रकार, सुचवला, तर सध्या नम्रपणे नकार द्यावा. तो मुळात गुहांच्या अरुंद वाटांसाठी वाढलेला प्रकार आहे आणि त्याचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते.

प्रश्न : माझी उंची कमी आहे. भाड्याचे जॅकेट फुगवले की ते वर सरकून हनुवटीला लागते. लहान मापाचे घेतले तर श्वास कोंडतो. काय करावे?

उत्तर : आपल्या धडाची लांबी जॅकेटच्या मापापेक्षा कमी असावी, म्हणून एक माप लहान घेतल्यावर लांबी जुळते, पण घेर आवळतो. बॅकप्लेटला लावल्या जाणाऱ्या सलग पट्ट्याच्या हार्नेसमध्ये (अंगाभोवतीच्या पट्ट्यांच्या साजात) खांद्याची आणि कमरेची लांबी स्वतंत्रपणे जुळवता येते, आणि दोन पायांमधून येणारा पट्टा असल्यामुळे हार्नेस वर सरकत नाही. हार्नेस नको असेल, तर स्त्रियांच्या मापाने शिवलेला, हवा पाठीतच भरणारा बीसीडी पाहावा. मात्र दुकानात तो नुसता अंगावर चढवून समाधान मानू नये. वेटसूट घालून, सिलिंडर लावून, पूर्ण फुगवून दीर्घ श्वास घेऊन पाहावा आणि हवा सोडण्याच्या सगळ्या झडपांच्या दोऱ्या न पाहता हाताला लागतात की नाही, हेही तपासावे.