वेल्समधले लोक इंग्रजीच बोलतात, मग ते इतकं वेगळं का वाटतं?

कारण त्या इंग्रजीच्या पोटात वेल्श भाषा आहे. २०२१च्या जनगणनेत वेल्श येणारे जेमतेम १७.८ टक्के भरले, म्हणजे साधारण ५ लाख ३८ हजार. पण ज्यांना वेल्श येत नाही त्यांच्याही इंग्रजीत ती डोकावते.

तुम्ही वेल्सच्या राजधानीत, कार्डिफला, शिकायला चालला असाल, तर पहिला फटका ‘नाऊ, इन अ मिनिट’चा बसेल. ‘आय विल डू इट नाऊ, इन अ मिनिट’ म्हणजे आत्ता नाही, पण करीन. आपल्याकडे पायात चप्पलही नसताना माणूस फोनवर ‘हा आलोच’ म्हणतो ना, अगदी तेच!

दुसरं, ‘टायर्ड आय ॲम’. वेल्शमध्ये ज्यावर जोर द्यायचा ते वाक्यात पुढे आणतात. लंडनवाल्याला हे उलटं वाटतं. ‘दमलोय मी’ म्हणणाऱ्या आपल्याला त्यात काहीच खटकत नाही. वाक्याच्या शेवटी सरसकट ‘इझंट इट’ लावायची खोडही आपल्यासारखीच.

माझा लाडका शब्द ‘कुच’. अर्थ मिठी, कुशीत घेणं. आणि जिन्याखालचं सामान ठेवायचं कपाट, तेही कुचच!

‘टायडी’ ऐकलंत तर खोली आवरायला धावू नका, ‘झकास’ म्हणताहेत. आणि मायक्रोवेव्हला वेल्शमध्ये ‘पॉप्टी पिंग’ म्हणतात, असं कोणीतरी हमखास सांगेल. ती गंमत आहे हो, खरा शब्द ‘मायक्रोडॉन’. बसमधून उतरताना मात्र ‘चिअर्स, ड्राइव्ह’, म्हणजे ‘थँक्यू, ड्रायव्हर’, म्हणा, ड्रायव्हर खूश.