खुडूक कोंबडी उठता उठेना

प्रश्न : भाऊ, मी अमळनेर तालुक्यातली. घरामागे सात गावरान कोंबड्या अन् एक कोंबडा आहे. त्यातली लाल कोंबडी दहा दिवस झाले खुडूक बसलीय, अंडी रोज उचलते तरी रिकाम्या टोपलीत तव्यासारखी पसरून बसते, हात नेला की फुगते, कुर्रर्र करून चोच मारते. तिच्यापायी बाकीच्या दोघी गोठ्यात अंडी घालायला लागल्या. सासूबाई म्हणतात नाकात पीस घाल, उठेल. माझं काही मन होत नाही. की पिल्लंच काढू?

उत्तर : ताई, पीस नको. आमच्याकडे आजीने घातलं होतं, कोंबडीचं नाक सुजलं, खाणं सुटलं अन् बसायची ती बसलीच. पाण्यात बुचकळणं मी पण करून पाहिलंय, ओलीचिंब परत टोपलीत.

पिल्लं आत्ता मे महिन्यात काढू नका. आपल्याकडे पारा 44-45 ला जातो, पत्र्याच्या खुराड्यात तर विचारूच नका, अन् अंड्याला ऊब लागते 37-38 डिग्रीची, त्याच्यावर फार गेलं की आतला जीव मरतो. घरात ठेवलेली अंडी पण या गर्मीत बसवायच्या आधीच बिघडतात.

मग उठवायची कशी, तर तिच्या पोटाखालची ऊब काढायची. खुडूकपणा प्रोलॅक्टिन नावाच्या हार्मोनमुळे येतो अन् पोटाला ऊब लागत राहिली की तो टिकतो. जाळीच्या तळाचा पिंजरा घ्या, निंबाखाली सावलीत चार विटांवर ठेवा, आत गवत, पोतं काहीच टाकू नका, खालून हवा लागली पाहिजे. दाणापाणी मात्र भरपूर द्या, बिचारी दिवसातून एकदाच उठून खात होती, छातीला हात लावून बघा, हाड लागेल. रात्री पिंजरा आत घ्या नाहीतर मांजर आहेच. तीन-चार दिवसांनी सोडा. उकिरड्यावर जाऊन उकरायला लागली तर झालं काम, सरळ टोपलीकडे पळाली तर अजून दोन दिवस कोंडा. तुम्ही दहा दिवस जाऊ दिले म्हणून जरा वेळ लागेल, पहिल्या-दुसऱ्या दिवशीच उचललं असतं तर लवकर उठली असती. अंडी लगेच मागू नका तिला, दोन-तीन आठवडे जातात.

पण तिला विकू नका हं. गिरिराजसारख्या सुधारित जातीच्या कोंबड्या सहसा बसतच नाहीत, अशी बसणारी गावरान लाखाची. थंडीत परत खुडूक झाली की आठवड्याच्या आतली दहा-बारा अंडी रात्री अंधारात तिच्याखाली सरकवा, सातव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर धरून बघा, लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवा, नुसतं स्वच्छ दिसलं तर काढा, एकविसाव्या दिवशी पिल्लं.

आता टोपली. तिच्यातलं जुनं गवत जाळून टाका, उवा-पिसवा भरल्या असतील, अन् टोपली दोन दिवस उन्हात ठेवा. मग गोठ्यातल्या दोघींसाठी नवीन गवत घालून आत एक प्लास्टिकचा पांढरा बॉल ठेवा, अंडं समजून परत तिथेच येतील. फक्त लाल कोंबडी पिंजऱ्यात असेपर्यंतच, नाहीतर ती त्या बॉलवर पण बसेल.